पांदणीच्या कडेनं लोकसहभागातून झाडं: काय लावायचं, कुठं लावायचं, सांभाळायचं कोणी?

पांदणवाला
राम राम मंडळी. मी दारव्ह्याकडचा, जिल्हा यवतमाळ. आमच्या गावातून टेकडीवरच्या महादेवाकडं एक पांदण, म्हणजे शेतांमधली गाडीवाट, जाते, अडीचेक किलोमीटर असेल, मधात नाला, दोन्हीकडं वावरं. आधी पावसाळ्यात तिच्यातून बैलबंडी निघत नव्हती, आता नाल्या काढून मुरूम टाकलाय त्यामुळे ट्रॅक्टर जातो, पोरं पहाटे भरतीसाठी पळायला जातात, बाया संध्याकाळी फिरायला जातात, श्रावण सोमवारी तर नुसती गर्दी असते. पण सावली नावाला नाही. कापूस वेचणाऱ्या बाया दुपारी भाकर खायला उभ्या ट्रॉलीखाली बसतात, डोकं वाकवून, कारण सरळ बसलं तर डोकं वर ट्रॉलीला लागते. हे रोज पाहून जीव तुटतो.

तर यंदा गावातली पोरं, बचत गटाच्या बाया, भजनी मंडळ अन् शाळेतले मास्तर मिळून कडेनं झाडं लावायचं ठरलं आहे. रोपं सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून मिळतील असं दिसते. माणसं भरपूर आहेत, उत्साहही आहे. मला मात्र लावण्याचा कार्यक्रम नको, काही वर्षांनी खरोखरची सावली पाहिजे. कोणती झाडं, किती अंतर, शेजारच्या कास्तकारांना कसं सोबत घ्यायचं, उन्हाळ्यात पाण्याचं काय, ज्यांनी हे काम केलं त्यांनी मोकळेपणानं अन् सविस्तर लिहा. आता फाल्गुन सुरू आहे, म्हणजे मिरगापर्यंत तयारीला वेळ आहे.

नागपुरी_संत्रा
खूप मस्त उपक्रम भाऊ! माझंही गाव तिकडंच, पुसदजवळ, सध्या नोकरीमुळे नागपुरात. माझं मत दोन्ही बाजूंनी गुलमोहर लावा, मे महिन्यात अख्खी पांदण लाल दिसेल. आम्ही मित्र मिळून वर्गणी करतो, हजार रोपांचे पैसे सहज जमतील, शनिवार-रविवारी लावायला पण येऊ.

वऱ्हाडी_कास्तकार
पांदणवाला भाऊ, राग नोका मानू पण पयले एक सांगा, ज्याईचं वावर पांदणीले लागून हाय त्याईले इचारलं का? गावची पोरं उत्साहानं झाड लावतात अन् निघून जातात, सावली पडते कोणाच्या तुरीवर? मुळ्या जातात कोणाच्या वावरात? धुऱ्यावर, म्हनजे बांधावर, मोठा निंब असला का पिकाचे दोन-तीन तासं (रांगा) जातात म्हनजे जातातच. ज्वारी पेरली तं पाखरं त्याच झाडावर बसून रायतात. अन् झाड मोठं झाल्यावर तोडाची परवानगी काहाडाले कास्तकारच हिंडते. मी झाडाच्या विरोधात नाई, माह्या धुऱ्यावर आजोबाच्या हातचा आंबा उभा हाय. पन ज्याच्या वावराले लागते त्याले न इचारता लावलेलं झाड तो जगू देत नाई, हे मी आमच्या अकोट भागात डोयानं पाह्यलं. रात्री कोणी उपटत नाई, फक्त धुरा पेटोते उन्हाळ्यात, का तणनाशक मारतानी नोझल थोडा तिकडं वयवते. झालं काम.

पांदणवाला
@वऱ्हाडी_कास्तकार राग कशाचा दादा, हेच ऐकायला धागा काढला. ग्रामसभेत विषय झाला पण तिथं सगळे हो म्हणतात. एकेकाच्या धुऱ्यावर जाऊन बोलणं अजून बाकी आहे.

सातबारा
महसूल खात्यात नोकरी झाली, आता निवृत्त. झाडाच्या आधी रस्त्याची हद्द पाहा. गावनकाशा काढा तहसीलच्या नाहीतर भूमी अभिलेखच्या ऑफिसातून. नकाशात गाडीमार्ग दुबार तुटक रेघेनं दाखवलेला असतो, त्याची रुंदी साधारण साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. एकच तुटक रेघ असेल तर तो पायमार्ग, सव्वाआठ फुटाचा. तुमची पांदण यातली कोणती हे आधी कळलं पाहिजे, कारण जागेवर बहुतेक ठिकाणी दोन्हीकडून नांगर आत सरकलेला असतो आणि पांदण बारा फुटावर येऊन बसलेली असते. लोक आजच्या कडेला झाड लावतात, पुढं मोजणी झाली की झाड रस्त्याच्या मधोमध येते आणि ते काढावं लागते.

दुसरं, आजकाल सोयाबीन-गहू काढायला हार्वेस्टर येतो, त्याचा कटरच साधारण चौदा फुटाचा. साडेसोळा फुटी रस्त्यात दोन्ही बाजूंनी झाडं उभी केली तर हार्वेस्टर अडकलाच म्हणून समजा, आणि मग गावच तुमच्यावर उलटेल. त्यामुळे झाड नालीच्या पलीकडं, धुऱ्याच्या अंगाला, आणि जिथं ते वावरात येते तिथं त्या शेतकऱ्याची लेखी संमती. साध्या कागदावर चालेल पण गट नंबर आणि सही पाहिजे, सोबत झाड कुणाचं, फळ कुणाचं हेही त्याच कागदावर लिहा.

परवानगीचं वर निघालं म्हणून सांगतो. महाराष्ट्रात झाडं तोडण्याचा कायदा १९६४ चा आहे, साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, हिरडा, खैर, अंजन ही झाडं त्याच्या यादीत आहेत, आपल्या मालकीच्या जागेतली असली तरी विनापरवाना तोडता येत नाहीत. शेतकऱ्याला हे लावायच्या आधी सांगा. लपवून संमती घेतली तर ती टिकत नाही.

निंबोळी
वर्ध्याकडून लिहितेय, आमच्या बचत गटाची रोपवाटिका आहे. गुलमोहरावर आधी बोलते, नागपूरच्या दादांनी वाईट वाटून घेऊ नये. ते झाड मूळचं मादागास्करचं, दिसायला सुंदरच, पण लाकूड ठिसूळ, मुळं वरवर, वावधनात फांद्याच काय अख्खं झाड आडवं होते. पांदणीतून पोरं जातात, बैल जातात. शिवाय फेब्रुवारी-मार्चात त्याच्यावर पानच नसते.

सावली पाहिजे तर उन्हाळ्यात पान धरणारं झाड बघा. कडुनिंब अन् करंज यात पहिले, दोघांनाही चैत्रात नवी पालवी येते अन् वैशाखात गर्द असतात. करंजाला ढोरं सहसा तोंड लावत नाहीत हा मोठा फायदा, निंबाला मात्र बकऱ्या सोडत नाहीत, त्याला काट्या लागतीलच. चिंच हळू वाढते पण पुढच्या पिढ्यांना पुरते. नाल्याजवळ जांभूळ, उंबर अन् अर्जुन, म्हणजे आपला कहू, यांना पाणी आवडते. टेकडीकडं मुरमाड जमीन असेल तर सीताफळ, पळस, बेल, कवठ, बेहडा. सीताफळ अन् पळस बकरी खात नाही. पळस तर चोपण अन् पाणी धरणाऱ्या जमिनीतही तग धरतो. देवळाजवळ बेल लावा म्हणजे श्रावणात लोकं दुसरीकडून फांद्या तोडून आणणार नाहीत. सुबाभूळ मात्र कोणी फुकट दिलं तरी घेऊ नका, त्याचं बी पडून पडून अख्खा धुरा व्यापते.

बियांचं पण ऐका. निंबोळीचं अन् मोहाच्या टोळीचं, म्हणजे फळाचं, बी जास्त दिवस राहत नाही, दोन-तीन आठवड्यात उगवणच जाते, त्यामुळे आषाढात झाडाखालून ताजं वेचायचं, गर धुवायचा अन् लगेच पिशवीत टाकायचं. पुढच्या वर्षीच्या मरतुकीसाठी रोपं तुमच्या तुम्हीच करा, शाळेच्या आवारात सहज होतात. बहाव्याचं बी टणक, त्याला एका बाजूनं घासायचं नाहीतर महिनोन्‌महिने तसंच पडून राहते.

रोप घेताना उंच अन् जाड बुंध्याचं मागा, निदान कमरेएवढं. वीतभर रोपटं पांदणीत टिकत नाही, पहिल्याच दिवशी गवतात दिसेनासं होते अन् ढोराच्या पायाखाली जाते. पिशवी जुनी झाली असेल तर मूळ आत गोल फिरलेलं असते, तसं रोप घेऊच नका, ते तीन-चार वर्षं बरं दिसते अन् मग वाऱ्यानं पडते.

वऱ्हाडी_कास्तकार
ताईनं सीताफयाचं बराबर सांगतलं. अजून एक, उन्हाळ्यात झाडं पान्यापाई मरतात त्याच्याऊन जास्त आगीनं मरतात. अक्षयतृतीयेच्या आगेमागे सारे लोक वावर साफ करतात, पऱ्हाट्या पेटोतात, धुरे पेटोतात. म्हनून माघातच झाडाच्या भवताल चार-पाच फूट गवत कापून जागा लखलखीत कराची, अन् कास्तकाराले हात जोडून सांगाचं का भाऊ धुरा पेटवाचा असन तं आमाले आवाज दे, आमी चार पोरं पानी घेऊन उभे रायतो. असं केलं तं कोणी नाई म्हनत नाई.

गुरुजी_अमरावती
सावलीच्या भांडणावर एक उपाय आहे, तो आम्ही मुलांना काठी रोवून दाखवतो. आपण साधारण वीस-एकवीस अक्षांशावर. मेच्या शेवटी आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, त्यामुळे पावसाळ्यात भरदुपारची सावली झाडाखालीच राहते, वावरात फारशी जात नाही. पण डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडं झुकलेला असतो आणि भर बारा वाजतासुद्धा झाडाची सावली जवळपास झाडाच्या उंचीएवढी उत्तरेला पडते. म्हणजे नुकसान कोणाचं, तर झाडाच्या उत्तरेला ज्याचा हरभरा, गहू किंवा उभी तूर आहे त्याचं.

आता पांदण पूर्व-पश्चिम जात असेल तर मोठी झाडं फक्त दक्षिण कडेला लावा. हिवाळ्याची सावली रस्त्यावर पडेल, पिकावर गेली तरी थोडी, आणि वेचणीच्या दिवसांत चालणाऱ्याला आयती मिळेल. उत्तर कडेला सीताफळ, निरगुडी, करवंद असं ठेंगणं काही. पांदण दक्षिणोत्तर असेल तर सावली सकाळी एकाच्या आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या वावरात वाटली जाते, तिथं दोघांशी बोलून एकाआड एक लावा. विजेची लाईन ज्या कडेनं गेली त्या कडेला मोठं झाड नकोच, नाहीतर दरवर्षी पावसाळ्याआधी शेंडे छाटले जातात आणि झाड धड वाढत नाही.

पांदणवाला
गुरुजी, हे माझ्या फार कामाचं निघालं. आमची पांदण गावापासून नाल्यापर्यंत पूर्व-पश्चिमच आहे, नाल्यानंतर उत्तरेला वळते. दक्षिण कडेला लाईनही नाही. म्हणजे नाल्यापर्यंतचा भाग एकाच कडेनं करता येईल अन् निम्म्या लोकांचा विरोध तिथंच संपेल. आता पाणी अन् माती यावर कोणी लिहा. आमच्याकडं नाल्यापर्यंत खोल काळी आहे, पुढं मुरमाड.

निंबोळी
काळ्या मातीत लोकं दोन-दोन फुटाचा गड्डा करतात, शेणखत-माती भरतात, वर छान खोलगट आळं करतात अन् पावसाळ्यात झाड मरते. कारण असं की भोवतालची चिकण काळी पाणी सोडत नाही, सगळं पाणी त्या भुसभुशीत गड्ड्यात येऊन साचते, त्याला बाहेर जायला वाट नसते, मुळं कुजतात. पानं पिवळी पडली की वाटते पाणी कमी झालं, म्हणून वरून अजून टाकतात. खोल काळीत दीड फुटाचा गड्डा पुरे, भरताना जमिनीपेक्षा वीतभर उंच भरायचा, म्हणजे पाणी बाजूला निथळेल. आळं करायचं ते पाऊस गेल्यावर, कार्तिकात. मुरमाडात उलटं, तिथं दोन फूट खोल अन् पहिल्यापासून आळं. गड्डे चैत्र-वैशाखातच करून उन्हात तापू द्या, काळी एकदा ओली झाली की तिथं सब्बल चालत नाही.

मार्चनंतर काळीला भेगा पडतात अन् त्या भेगांत कोवळी मुळं तुटतात. खुरप्यानं वरची माती मोकळी करत राहा म्हणजे भेग बुजते, वरून सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, जाड पसरा, फक्त खोडाला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा, नाहीतर उधई लागते.

पाण्याचा हिशेब सरळ आहे. अडीच किलोमीटर म्हणजे सुमारे ८२०० फूट, पंचवीस फुटावर एक झाड धरलं तर एका कडेला सव्वातीनशे झाडं. आठवड्याला झाडामागं पंधरा लिटर, म्हणजे पाच हजार लिटरचं एक टँकर दर आठवड्याला, फेब्रुवारीपासून पाऊस पडेस्तोवर. हजार झाडं लावली तर आठवड्याला तीन टँकर. गावाला किती टँकर झेपते तेवढीच झाडं लावा, बाकी हौस पुढच्या वर्षी.

नागपुरी_संत्रा
गुलमोहराचं समजलं, धन्यवाद ताई. मग आमच्या वर्गणीचा खरा उपयोग कशात होईल? आम्हाला तर रोपांसाठीच पैसे द्यायचे होते.

वऱ्हाडी_कास्तकार
दादा, टँकरच्या डिझेलले द्या. रोपं स्वस्तात भेटतात, पानी भेटत नाई. लोखंडी जाळ्याईले पैसे नोका घालू, थ्या चोरी जातात. बोरी-बाभयीच्या काट्या गावातच हायेत. अन् येनंच असन तं लावाले नोका येऊ, एप्रिलमंधी पानी टाकाले या, तवा मानसाची खरी गरज असते.

नागपुरी_संत्रा
नक्की. मार्च ते जून टँकरचं डिझेल आमच्याकडं लागलं. एप्रिलच्या रविवारी आळीपाळीनं येतो, चार-पाच जण तरी असू.

गोंडवन
गडचिरोलीहून. आमच्याकडं झाडं लावायची गरज कमी, राखायची जास्त, म्हणून त्या अंगानं लिहितो. झाड तेव्हाच राखलं जाते जेव्हा त्याच्यातून काही मिळणार हे राखणाऱ्याला माहीत असते. मेंढा-लेखाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला, पुढं चंद्रपुरातल्या पाचगावला मिळाला, तिथं बांबू ग्रामसभा स्वतः काढते-विकते, म्हणून ती जंगलही सांभाळते. तुमच्याजवळचं उदाहरण पाहिजे तर अचलपूर तालुक्यातलं पायविहीर. उघड्या टेकडीवर गावानं चर खोदले, झाडं लावली, चराई आवरली आणि आज तिथल्या सीताफळाचा पैसा गावाला येतो. जाऊन पाहून या, तिथली मंडळी सगळं दाखवतात.

पांदण काही वनहक्काची जमीन नाही, पण हिशेब तोच. चिंचेची, जांभळाची, सीताफळाची फळं कोणाची हे आजच ठरवा. माझा सल्ला, फळ ज्याचा धुरा त्याचं, सावली सगळ्यांची, आणि लाकूड ग्रामसभेला विचारल्याशिवाय कोणाचंच नाही. देवळाजवळची आणि नाल्यावरची झाडं बचत गटाकडं द्या.

गायकीला, म्हणजे गुराख्याला, विसरू नका. गावची ढोरं घेऊन तो रोज याच पांदणीनं जातो. त्याला पहिल्या बैठकीला बोलवा, खुर्चीवर बसवा, आणि रोजचा आठ-पंधरा मिनिटांचा फेर पडत असेल तर त्याचा मोबदला द्या. त्यानं मनावर घेतलं तर काट्यासुद्धा कमी लागतात.

वरुडची_लेक
गोंडवन यांचं शेवटचं अगदी खरं. आमच्या वरुड तालुक्यात २०१६ ला पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेचं पहिलं वर्ष होतं, अंबाजोगाई, कोरेगाव अन् आम्ही, तीनच तालुके होते. श्रमदान मी जवळून पाहिलं. तिथं शिकण्यासारखं हे होतं की कामाची आखणी रात्रीच व्हायची, चुना टाकून जागा ठरलेली, पहाटे माणूस आला की त्याला त्याचा तुकडा माहीत. अख्ख्या गावाला एकदम बोलावून "लावा झाडं" म्हटलं की एका गड्ड्याभोवती दहा जण उभे राहतात अन् दुसरीकडं रोपं उन्हात सुकतात.

तुम्ही पांदणीचे तुकडे पाडा, दहा-दहा झाडांचे, एकेक तुकडा एकेका घराला किंवा गटाला. नाव शक्यतो त्यांचं घ्या ज्यांचं वावर त्या वाटेवर आहे, कारण ते रोज जातातच, जाता जाता पाहणं होते. बाहेरगावी राहणाऱ्या लोकांच्या नावानं झाड देऊ नका, पैसे घ्या, झाड देऊ नका. अन् बायांना पाणी आणायचं काम आपोआप येते, ते येऊ देऊ नका. त्यांना ठरवायच्या बैठकीत बसवा. कुठल्या झाडाखाली बसायला आवडेल हे वेचणाऱ्या बायांनाच विचारा ना, सावली तर त्यांनाच पाहिजे.

पांदणवाला
मंडळी, मधात आठवडाभर लिहिलं नाही कारण धुऱ्या-धुऱ्यानं फिरत होतो. सातबारा काकांनी सांगितल्याप्रमाणे नकाशा काढला, दुबार तुटक रेघ आहे, म्हणजे गाडीमार्ग. जागेवर काही ठिकाणी तेवढी रुंदी नाही पण त्यावरून यंदा भांडण काढायचं नाही असं सगळ्यांचं मत पडलं, झाड नालीच्या पलीकडं घ्यायचं अन् ज्याचं वावर त्याची सही घ्यायची.

दक्षिण कडेच्या बहुतेक कास्तकारांनी सह्या दिल्या. सावली रस्त्यावर पडणार हे शाळेच्या मैदानात काठी रोवून पोरांनीच दाखवलं, त्यानंतर बोलणं सोपं गेलं. दोघांनी मोठं झाड नको म्हटलं, त्यांच्या हिश्श्यात सीताफळ. एक आजी म्हणाल्या माझ्या धुऱ्यावर चिंचच पाहिजे, आधी होती, वीज पडून गेली. त्यांच्या नावापुढं चिंच लिहिली.

वेचणाऱ्या बायांना विचारलं. त्यांनी निंब सांगितला, पण सलग रांग नको, तीन-तीन जवळ जवळ लावा म्हणाल्या, म्हणजे आठ-दहा जणी एका जागी बसतील अन् डबे, पाण्याची कॅन ठेवायला जागा होईल. हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात नव्हतं. आता तीन ठिकाणी असे निंबाचे तिकोन करतोय, दोन झाडांत बारा फूट ठेवून, तिथं रांगेतली एक-दोन जागा मोकळी सोडू.

यंदा फक्त नाल्यापर्यंतचाच भाग, साधारण दीडशे झाडं. टेकडीकडचं पुढच्या साली, यंदाची जगली तर. गड्डे गुढीपाडव्यानंतर. रोपं चांगला पाऊस होऊन ओल खोल गेली की, मिरगाचा पहिला पाऊस पाहून घाई करायची नाही, आर्द्रात लावू. गायकी भाऊ बैठकीला आले होते, त्यांनी वरची जुनी वाट सांगितली, तिकडून ढोरं नेतील, गाव त्यांना धान्य वाढवून देणार.

एक विचारायचं राहिलं. तिकोनातले निंब इतके जवळ, पुढं एकमेकांना दाबतील का?

निंबोळी
दाबतील थोडे, पण बाहेरच्या अंगाला वाढतात, बसायला काही अडचण नाही. खालच्या फांद्या तिसऱ्या वर्षापासून हिवाळ्यात छाटत जा, कुटाराची भरलेली ट्रॉली खालून निघेल एवढा बुंधा सरळ ठेवा. अन् निंबाची रोपं कमी पडली तर मला व्यक्तिगत निरोप करा, आमच्याकडं कमरेएवढी तयार आहेत, गाडीची सोय तुमची.

वऱ्हाडी_कास्तकार
पांदणवाला भाऊ, चिंचेवाल्या आजीले माह्याकडून राम राम सांगजा. आमच्याकडं लाल चिंचेचं एक झाड हाय, बी ठेवलं हाय, पाह्यजे असन तं पत्ता पाठवा.